विश्लेषण : जुन्या ‘स्पेक्ट्रम’ संगणकाचे रंग फिके का पडतात? दोष नेमका कुठे शोधायचा?

माळ्यावरच्या खोक्यात वर्षानुवर्षे पडून असलेला घरगुती संगणक एके दिवशी खाली येतो. धूळ पुसली जाते, टीव्हीला वायर जोडली जाते आणि काय आश्चर्य, तो सुरूही होतो! पण आनंद फार टिकत नाही. लाल रंग विटकरी दिसतो, निळा राखाडीकडे झुकलेला, पिवळा तर जेमतेम ओळखू येतो. जुने संगणक जपणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतोच.

अशा वेळी पहिली शंका येते ती आतली चिप गेल्याची. दुसरा मोह होतो तो पेटी उघडून दिसेल तो स्क्रू फिरवण्याचा. चालू अवस्थेतला संगणक कायमचा बंद पडतो तो अनेकदा याच टप्प्यावर. फिके रंग हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. त्याचे कारण टीव्हीत, वायरीत, अडॅप्टरमध्ये किंवा चार-पाच रुपयांच्या एखाद्या सुट्या भागातही असू शकते. ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या गाजलेल्या संगणकाच्या उदाहरणातून हा शोध कसा घ्यायचा, ते समजून घेऊ.

हा संगणक कोणता?

ब्रिटनमधील केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या संगणकाची किंमत होती १२५ पौंड, तर ४८ किलोबाइटच्या संगणकाची १७५ पौंड. रबरी कळांचा हा काळा, चपटा संगणक स्वतःचा पडदा घेऊन येत नसे. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा.

कंपनीचा आधीचा ‘झेडएक्स ८१’ केवळ कृष्णधवल चित्र दाखवत असे. नव्या संगणकाचे आकर्षणच रंग हे होते. म्हणून नाव ‘स्पेक्ट्रम’ आणि पेटीच्या कोपऱ्यावर इंद्रधनुषी पट्टा. रंग आठ आणि त्यांच्या दोन छटा, एक साधी आणि एक उजळ. काळा दोन्हींत सारखाच, म्हणून एकूण १५ रंग. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो विकला. योगायोग असा की, भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रसारणही १९८२ सालीच सुरू झाले. ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांनी रंगासाठी ‘पाल’ हीच पद्धत स्वीकारलेली होती. या पद्धतीचा फिक्या रंगांशी थेट संबंध आहे. तो पुढे पाहू.

रंग खरोखर फिके झाले आहेत का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा. आज अनेकांच्या डोळ्यांसमोर स्पेक्ट्रमचे जे रंग असतात ते मोबाइल किंवा लॅपटॉपवरच्या इम्युलेटरचे. तिथे लाल म्हणजे शुद्ध लाल आणि निळा म्हणजे शुद्ध निळा. खऱ्या संगणकातला रंग मात्र अँटेनाच्या वायरीतून टीव्हीत जात असे. तो मुळातच थोडा मऊ, कडांना किंचित पसरलेला दिसे. मोबाइलवरच्या चित्राशी तुलना केली तर धडधाकट संगणकही आजारी वाटेल.

सोपी चाचणी अशी. संगणक सुरू झाल्यावर पांढऱ्या पडद्यावर तळाशी कंपनीचे नाव आणि १९८२ हे साल येते. आता इंग्रजी ‘बी’ची कळ दाबली की ‘बॉर्डर’ हा शब्द आपोआप उमटतो. पुढे २ हा अंक आणि ‘एंटर’ दाबले की चित्राभोवतीची चौकट लाल होते. १ म्हणजे निळा, ३ म्हणजे किरमिजी, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा आणि ० काळा. ही नावे त्या त्या अंकाच्या कळेवर छापलेलीही आहेत.

आठही रंग एकेक करून पाहावेत आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवावा. पुढे काही बदल केला तर ‘आधी बरे होते की आता’ हा वाद स्मरणशक्तीवर सोडावा लागत नाही.

संगणकातून टीव्हीपर्यंत रंग पोहोचतो कसा?

टपाल जसे हातोहात पुढे जाते तसाच हा प्रवास आहे. चित्र तयार करते ‘यूएलए’ नावाची चिप. फेरांटी या ब्रिटिश कंपनीने ती सिंक्लेअरसाठी बनवली होती. ही चिप तीन संकेत बाहेर पाठवते. एक उजेड किती हे सांगणारा. दुसरा निळ्याशी संबंधित फरक सांगणारा. तिसरा लाल रंगाशी संबंधित फरक सांगणारा.

रंगाचे दोन संकेत ‘एलएम १८८९’ या चिपकडे जातात. ती त्यांना सेकंदाला सुमारे ४४.३ लाख वेळा कंप पावणाऱ्या, म्हणजेच ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवते. मग उजेड आणि रंग एकत्र होतात आणि ‘मॉड्युलेटर’ या पत्र्याच्या लहान डबीत जातात. ही डबी त्यांचे टीव्ही चॅनेलमध्ये रूपांतर करते. यूएचएफ पट्ट्यातील ३६ क्रमांकाचे, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवरचे हे चॅनेल. तिथून वायर आणि मग टीव्ही. या साखळीतली कोणतीही कडी ढिली झाली की रंग फिके होतात.

उजेड टिकतो, मग रंगच आधी का जातो?

याची तीन कारणे आहेत.

पहिले, रंगाची लहर चित्राच्या संकेतात अगदी वरच्या टोकाला बसलेली असते. टीव्हीचे ट्यूनिंग थोडे सरकले, वायर खराब झाली किंवा सांधा गंजला की वरचे टोक आधी कापले जाते. अक्षरे वाचता येतात, रंग मात्र उतरतो.

दुसरे कारण ‘पाल’ पद्धतीत आहे. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीचे अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती विकसित केली. अमेरिकी पद्धतीत लहरीचा ताल थोडा चुकला की रंगच बदलत असे, चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसत. पाल पद्धतीत एक ओळ सोडून पुढच्या ओळीत लाल फरकाच्या संकेताची दिशा उलटी केली जाते आणि टीव्ही दोन ओळींची सरासरी काढतो. त्यामुळे चूक एकमेकींना छेदते, रंग बदलत नाही. पण त्याची किंमत म्हणून रंगाचा गडदपणा कमी होतो. म्हणजे जिथे अमेरिकी पद्धतीत रंग चुकला असता, तिथे पालमध्ये तो नुसताच फिका पडतो. दोष लपत नाही, तो वेगळ्या रूपात दिसतो.

तिसरे कारण टीव्हीच्या सावधपणाचे. रंगाचा संकेत कमजोर आला तर टीव्ही काही प्रमाणात स्वतःच भर घालतो. त्यामुळे दोष बराच काळ लक्षात येत नाही. संकेत एका मर्यादेखाली गेला की मात्र टीव्ही रंग पूर्ण बंद करून कृष्णधवल चित्र दाखवतो. रंग मध्येच येतात आणि मध्येच जातात, असे होत असेल तर संगणक याच सीमारेषेवर आहे असे समजावे.

कोणता रंग फिका, यावरून काय कळते?

फोटो समोर ठेवून पाहिले तर बरेच काही कळते. सगळेच रंग सारखेच फिके असतील तर दोष सामायिक वाटेवर आहे : टीव्ही, ट्यूनिंग, वायर, वीजपुरवठा किंवा रंगाची चिप. निळा आणि पिवळा मेले, पण लाल ठीक, असे असेल तर निळ्या फरकाच्या वाटेवर संशय घ्यावा. लाल आणि आकाशी मेले असतील तर लाल फरकाच्या वाटेवर.

पांढरा रंग सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. पांढऱ्यात दोन्ही फरक शून्य असायला हवेत. तो गुलाबी, हिरवट किंवा पिवळट दिसत असेल तर रंगाचा तोल ढळला आहे. रंगांबरोबर संपूर्ण चित्रच अंधारे झाले असेल, तर मात्र प्रश्न केवळ रंगाचा नाही.

तपासणी कुठून सुरू करायची?

नियम एकच : बाहेरून आत. जे उघडावे लागत नाही ते आधी.

सुरुवात टीव्हीपासून. रंगाची पातळी कोणी कमी करून ठेवली आहे का ते पाहावे. त्याच टीव्हीला त्याच खाचेतून दुसरे एखादे उपकरण जोडावे, जुना व्हिडीओ गेम किंवा व्हीसीआर. त्याचेही रंग फिके असतील तर संगणक निर्दोष सुटला. शक्य असल्यास संगणक दुसऱ्या टीव्हीलाही जोडून पाहावा.

मग ट्यूनिंग. आपोआप शोधणारे टीव्ही अनेकदा चॅनेलच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे थांबतात. लाल चौकट पडद्यावर ठेवून हाताने बारीक ट्यूनिंग करावे. अक्षरे सर्वांत ठसठशीत दिसतात ती जागा आणि रंग सर्वांत गडद दिसतो ती जागा एकच असेल असे नाही. दोन्हींचा मध्य साधावा. नव्या एलईडी टीव्हीत जुन्या पद्धतीचा ट्यूनर असेलच असेही नाही.

वायर बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय. दोन्ही टोकांची पिन आणि संगणकाची खाच स्वच्छ करावी. खाचेतली पिन हलवल्यावर रंग लकाकत असेल तर दोष सापडला.

अडॅप्टरचा रंगाशी काय संबंध?

फार जवळचा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा, १.४ अँपियरचा अडॅप्टर लागतो. आत या ९ व्होल्टपासून ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट तयार होतात. रंगाची एलएम १८८९ चिप चालते ती १२ व्होल्टवर. हे १२ व्होल्ट घसरले की रंग मंदावतात आणि शेवटी चित्र कृष्णधवल होते.

मूळ अडॅप्टर संगणकाला न जोडता मोजला तर १२ ते १४ व्होल्ट दाखवतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तो तसाच बनवलेला आहे. भार पडल्यावर तो ९ च्या आसपास उतरतो. त्याहून बराच खाली गेला, किंवा पडद्यावर खालून वर सरकणारे फिकट पट्टे दिसू लागले, तर अडॅप्टर थकला आहे.

इथे एक धोक्याची सूचना. स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरच्या पिनमध्ये मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलट असतात. ‘९ व्होल्टचा आहे ना’ म्हणून हाताला येईल तो लावला तर एका क्षणात आतला वीजपुरवठा जळू शकतो. नवा अडॅप्टर घेताना त्यावरचे चिन्ह पाहावे आणि मल्टिमीटरने खात्री करावी.

पेटी उघडायची वेळ आली तर?

बाहेरचे सगळे तपासून झाले आणि रंग फिकेच राहिले, तरच. रबरी कळांच्या संगणकाला तळाशी पाच स्क्रू असतात. ते काढल्यावर वरचा भाग झटकन उचलू नये. कळफलकाच्या दोन पातळ पट्ट्या मुख्य बोर्डात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या कडक झालेल्या असतात आणि सहज तुटतात. रंग दुरुस्त करायला गेले आणि कळफलक गेला, असे इथेच होते.

पहिले मोजमाप वीजदाबाचे. सोपी जागा म्हणजे ‘४११६’ या आकड्याच्या स्मृतीच्या चिपा. बोर्डावर अशा आठ असतात. या चिपेच्या पहिल्या पिनवर उणे ५, आठव्या पिनवर १२ आणि नवव्या पिनवर ५ व्होल्ट मिळायला हवेत. सोळावी पिन म्हणजे शून्य. १२ च्या जागी ११ पेक्षाही कमी आकडा आला तर फिक्या रंगांचे कारण बहुधा हातात आले.

मोजताना मीटरचे टोक घसरू देऊ नये. शेजारच्या सातव्या आणि आठव्या पिन क्षणभर जरी जोडल्या गेल्या तरी स्मृतीची चिप निकामी होऊ शकते.

हा आकडा केवळ रंगासाठी महत्त्वाचा नाही. १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट हे एकाच लहान मंडलातून, एक गुंडाळी आणि दोन ट्रान्झिस्टर यांच्या जोरावर तयार होतात. ते मंडल कोलमडले आणि उणे ५ व्होल्ट गायब झाले, तर ४११६ चिपा जळतात. म्हणजे फिके रंग ही पुढच्या मोठ्या बिघाडाची आगाऊ सूचना असू शकते. १२ व्होल्ट घसरलेले दिसले तर दुरुस्ती होईपर्यंत संगणक सुरू करू नये. ‘चालतोय ना, चालू दे’ हे इथे महागात पडते.

ते दोन स्क्रू फिरवायचे की नाही?

सुरुवातीच्या बोर्डांवर, म्हणजे ‘इश्यू १’ आणि ‘इश्यू २’ वर, ‘व्हीआर १’ आणि ‘व्हीआर २’ नावाचे दोन लहान प्रीसेट असतात. रंगाचा तोल त्यांनी साधला जातो. इश्यू ३ पासून ते काढून टाकण्यात आले. इश्यूचा क्रमांक बोर्डावरच छापलेला असतो.

हे प्रीसेट रंगाचा जोर वाढवत नाहीत, ते फक्त तोल सांभाळतात. म्हणून सगळे रंग सारखेच फिके असतील तर त्यांना हात लावण्यात अर्थ नाही. पांढरा रंग डागाळलेला असेल आणि १२ व्होल्ट ठीक असतील, तरच त्यांचा विचार करावा. आधी त्यांच्या मूळ स्थितीचा फोटो घ्यावा किंवा बारीक खूण करावी. संगणक १५-२० मिनिटे तापू द्यावा, कारण गरम झाल्यावर रंग थोडे सरकतात. मग चौकट पांढरी ठेवून एका वेळी एकच प्रीसेट केसभर फिरवावा, पांढऱ्यातली छटा जाईपर्यंत.

बोर्डावर आणखी दोन बदलते कपॅसिटर असतात. त्यांतला एक रंगाच्या लहरीचा नेमका ताल ठरवतो. ताल थोडा जरी सुटला तरी टीव्हीला रंग पकडता येत नाही. हे काम वारंवारता मोजणाऱ्या उपकरणाशिवाय करू नये. अंदाजाने फिरवलेला हा स्क्रू पुन्हा मूळ जागी आणणे फार अवघड.

कोणते भाग बदलावे लागतात?

सर्वांत संशयित म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्यातला द्रव वर्षांनुवर्षे सुकत जातो, कधी बाहेर झिरपतो. ते थकले की वीजदाब स्थिर राहत नाही आणि संकेतही नीट पुढे जात नाही. चांगली गोष्ट ही की, हे भाग दुर्मीळ नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते किरकोळ किमतीत मिळतात. क्षमता तीच, व्होल्टची मर्यादा तेवढी किंवा जास्त आणि धन-ऋण बाजू जुन्याप्रमाणेच, एवढे पाळावे. जुना काढण्याआधी त्याचाही फोटो घ्यावा.

अनेकजण मॉड्युलेटरची डबी बाजूला ठेवून चित्राचा संकेत थेट टीव्हीच्या पिवळ्या ‘एव्ही’ खाचेत नेतात. त्याने मधली एक कमजोर कडी वगळली जाते आणि चित्र स्पष्ट होते. हा बदल पुन्हा उलटवता येईल अशा रीतीने करावा आणि मध्ये योग्य कपॅसिटर असावा, नाहीतर काही टीव्हींवर चित्र पांढुरके किंवा अंधारे दिसते. असा बदल आधीच केलेला संगणक विकत घेतला असेल तर फिक्या रंगांचे मूळ त्यातही असू शकते.

एवढे होऊनही फरक पडला नाही तर एलएम १८८९ चिपकडे वळावे. यूएलए सर्वांत शेवटी. मूळ यूएलए आता बनत नाही. हौशी तंत्रज्ञांनी तयार केलेले पर्याय मिळतात, पण ते शेवटचे पाऊल आहे.

काय घरी करावे, काय कारागिराकडे सोपवावे?

टीव्ही, वायर, ट्यूनिंग आणि अडॅप्टर यांची तपासणी कोणीही करू शकते. मल्टिमीटर हाताळता येत असेल तर वीजदाबही मोजता येतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर पुढचे काम सरावाच्या हाताकडे द्यावे. जुने बोर्ड जास्त उष्णता सोसत नाहीत, त्यांवरची तांब्याची नक्षी उचकटते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत घरी करू नये : जुना काचेच्या नळीचा टीव्ही उघडणे. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ नळीत साठून राहतो. टीव्हीचाच दोष निघाला तर ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचेच.

गंमत म्हणजे, स्पेक्ट्रम कधी न पाहिलेला पण रंगीत टीव्ही दुरुस्त करत हयात घालवलेला कारागीर इथे कामाला येऊ शकतो. पाल पद्धत, रंगाची लहर, सुकलेले कपॅसिटर हे सगळे त्याच्या ओळखीचे. त्याच्याकडे जाताना आठ रंगांचे फोटो, मोजलेले व्होल्ट आणि आतापर्यंत काय बदलून पाहिले याची चिठ्ठी न्यावी. त्याचा निम्मा वेळ वाचतो आणि अनावश्यक सुटे भाग बदलले जात नाहीत.

स्पेक्ट्रमचे सुमारे ५० लाख संगणक विकले गेले, असे सांगितले जाते. नवे आता बनणार नाहीत. त्यामुळे प्रत्येक घाईची दुरुस्ती त्यांतला एखादा कमी करू शकते. रंग फिके दिसले की स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी वायर बदलून पाहावी. कित्येकदा गोष्ट तिथेच संपते.